नागपूरहून परदेशी गेलेल्या घराची कादंबरी: वहीपासून दुसऱ्या खर्ड्यापर्यंत

स्थलांतरावरच्या मराठी हस्तलिखितांत एक चूक फिरून फिरून येते. पहिल्या पानावर विमानतळ, तिसऱ्या पानावर बर्फ, आणि दहाव्या पानाला नायक खिडकीशी उभा राहून ‘मी नेमका कुठला?’ असं स्वतःला विचारू लागतो. त्याचा व्हिसा कोणता, भाडं कोण भरतं, नागपूरचं घर कुणाच्या नावावर आहे, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग तो एकच प्रश्न अडीचशे पानं पुरवावा लागतो.

ओळखीचा गुंता माणसाच्या मनात बसण्याआधी त्याच्या कागदांवर, जिभेवर आणि घरातल्या वस्तूंवर दिसतो. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. पहिले पाच टप्पे लिहायला बसण्यापूर्वीचे आहेत आणि त्यांना तीन-चार महिने लागतात. घाई करून ते टाळले, तर तेच काम दुसऱ्या खर्ड्यात दुप्पट वेळ घेऊन करावं लागतं.

## १. एका वाक्यात चार गोष्टी बसवा

कोण गेलं, कुठून, कोणत्या साली, कोणत्या कागदावर. एवढं एका वाक्यात लिहा. ‘नागपूरची एक मुलगी अमेरिकेला जाते’ हे चालणार नाही. ‘धरमपेठेतली इंजिनिअर मुलगी १९९९ साली नवऱ्याच्या एच-१बीमुळे एच-४ व्हिसावर न्यू जर्सीला जाते’ हे चालेल. दुसऱ्या वाक्यात कादंबरी आधीच आहे: तिच्याकडे पदवी आहे आणि नोकरी करायची परवानगी नाही. (एच-१बी हा अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा, एच-४ हा त्यावर गेलेल्याच्या जोडीदाराचा.)

जाणारा एकटाच धरू नका. त्याच्याबरोबर मागे राहिलेल्या एका माणसाचंही असंच वाक्य करा. परदेशातला धागा कितीही चांगला लिहिला, तरी नागपूरचा धागा ‘आई वाट पाहत होती’ एवढाच असेल तर कादंबरी एका पायावर चालते.

तपासा: वाक्यातलं साल दहा वर्षं मागेपुढे सरकवून पाहा. गोष्ट तशीच्या तशी राहत असेल, तर ती अजून सापडलेली नाही.

## २. पत्त्याची वही

एक दोनशे पानी वही घ्या. चार रकाने आखा: साल, घरातली घटना, बाहेरची घटना, पाकिटावरचा पत्ता. चौथा रकाना बहुतेक जण आखत नाहीत. नागपूरच्या बाबतीत तोच सगळ्यात बोलका आहे.

नागपूरच्या महाल भागातलं एक घर घ्या, जे कधीच हललं नाही. १९४७ साली ते मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या सी. पी. अँड बेरारमध्ये होतं. १९५० पासून ते मध्य प्रदेशात, आणि नागपूर त्या राज्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. आजोबा त्याच खाटेवर झोपत राहिले आणि तेरा वर्षांत चार राज्यांचे रहिवासी झाले. वसाहतीनंतरची ओळख लिहायला इथे न्यू जर्सीपर्यंत जायची गरज नाही.

त्याच १९५६ ला सचिवालय भोपाळला गेलं, हायकोर्ट जबलपूरला. कारकून, शिपाई, वकील यांना भोपाळ, जबलपूर की मुंबई हे ठरवावं लागलं, किंवा त्यांच्यासाठी ते ठरवलं गेलं. नातवाच्या अमेरिकेआधी त्या घरात आजोबांची बदली होऊन गेलेली असू शकते. आणि १ नोव्हेंबरच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच शहरात दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धर्म बदलला. त्या पंधरवड्यात तुमचं घर शहराच्या कोणत्या भागात होतं आणि कशाबद्दल बोलत होतं, हे वहीत आलंच पाहिजे. इंदोरा या दलित वस्तीतल्या घराला आणि सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्याला तो पंधरवडा एकसारखा आठवणार नाही.

नागपुरात आलेल्यांचाही रकाना ठेवा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जरीपटका उभा केला. पूर्व बंगालच्या निर्वासितांची गावं आजच्या गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेरा भागात आहेत, तिबेटी लोकांची वसाहत गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे. ‘आम्ही इथले आणि ते बाहेरचे’ असं ठामपणे बोलणाऱ्या पात्राला शेजारी द्यायचा तो यांतूनच द्या.

या वहीत हमखास होणाऱ्या चुका:

- १९६५ च्या पत्रावर पिनकोड. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला.
- १९५५ च्या दुकानात ‘नवे पैसे’. ते १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधी आणे.
- रुपया-डॉलरचा दर अंदाजाने. ६ जून १९६६ ला अवमूल्यन झालं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. मुलाला पैसे पाठवायचे असलेल्या बापाचं त्या एका दिवसात काय झालं असेल, हा एक पूर्ण प्रसंग आहे.
- सण अंदाजाने. पोळा, मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक), दिवाळी यांच्या तारखा त्या वर्षीच्या पंचांगात पाहा. अधिक महिना आला की त्यानंतरचे सगळे सण पुढे सरकतात.

जुन्या तारखांसाठी ‘हितवाद’ आणि ‘तरुण भारत’चे जुने अंक, झाशी राणी चौकातलं विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आणि राज्य पुराभिलेख संचालनालयाचं नागपूर कार्यालय ही ठिकाणं आहेत. जाताना नेमकी तारीख घेऊन जा. ‘पन्नासच्या दशकाबद्दल काही आहे का’ असं विचारलं तर दिवस फुकट जातो.

## ३. कागदांची फाइल

प्रत्येक स्थलांतरित पात्रासाठी वेगळी फाइल करा. तिच्यात खोटे का होईना, पण भरलेले कागद हवेत: पासपोर्टची तपशीलवार नोंद, व्हिसाचा प्रकार, मुदत, नोकरीचं पत्र, भाडेकरार. फॉर्म भरताना जे प्रश्न पडतात तेच पुढे प्रसंग होतात. आडनावाच्या रकान्यात काय लिहायचं, वडिलांचं नाव ‘मिडल नेम’ होऊन एका अक्षरावर कसं येतं, लग्नात नाव बदललेल्या बाईच्या दहावीच्या सर्टिफिकेटचं काय करायचं. यावर चिंतन लिहू नका, तिला काउंटरपाशी उभी करा.

काळानुसार कायदा बदलतो, आणि सगळ्यात जास्त ढिलाई इथे होते.

१९६७ पूर्वी जाणारा: तेव्हा पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १९६७ मध्ये पासपोर्ट कायदा आला. त्याआधीच्या पात्राच्या हातात पासपोर्ट सहज पडला असं लिहू नका.

इंग्लंड: १९६२ च्या कायद्यापूर्वी राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे उतरायला वेगळी परवानगी लागत नव्हती, नंतर वर्क व्हाउचर, म्हणजे कामाचा परवाना, आलं. १९६१ आणि १९६३ या दोन सालांत दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत.

अमेरिका: १९६५ च्या कायद्याने देशवार जुने कोटे काढले, म्हणून डॉक्टर-इंजिनिअरांची पहिली मोठी लाट त्यानंतरची. १९७० च्या आसपास जाणाऱ्याला सोबत आठच डॉलर नेता येत. एच-१बी हा प्रकार १९९० च्या कायद्यातला. १९८५ च्या नायकाला तो देऊ नका. आणि हा व्हिसा नायक स्वतः ‘मिळवत’ नाही. अर्ज कंपनी करते, मंजुरीनंतर तो वकिलातीत जातो. मुदत एका वेळी तीन वर्षांपर्यंत, साधारणपणे एकूण सहा. एच-४ वरच्या जोडीदारांपैकी काहींना कामाची परवानगी मिळू लागली ती २०१५ पासून. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. ग्रीन कार्डवाल्याकडे भारताचाच पासपोर्ट असतो.

अमेरिकन व्हिसाच्या मुलाखतीला नागपूरचं पात्र मुंबईला जातं. नोव्हेंबर २०११ पर्यंत ती रांग समुद्राकाठच्या ब्रीच कँडीला होती, त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलात. रात्रभर रेल्वेने आलेला, प्लॅटफॉर्मवरच्या नळावर तोंड धुऊन इस्त्रीचा शर्ट चढवणारा मुलगा हे दृश्य दोन्ही काळांत चालेल. समुद्राचा वारा मात्र एकाच काळात.

आखात: दहावी पास नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टला एमिग्रेशन, म्हणजे देशाबाहेर जाण्याच्या, तपासणीची अट असते. १९८३ च्या कायद्याखाली त्याची वेगळी मंजुरी लागते. मराठी कादंबरीत हा माणूस जवळजवळ दिसतच नाही. सॉफ्टवेअरवाले पुरेसे झाले आहेत.

परतणारा: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, दोन्ही ठेवता येत नाहीत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय येऊ देणारं) २००५ पासून. त्यामुळे १९९५ साली नागपुरात बापाच्या तेराव्याला येणारा अमेरिकन नागरिक आपल्याच गावी व्हिसा काढून येतो. ओसीआयवाल्याला मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते.

या शेवटच्या नियमावर थोडं थांबा. काटोलची संत्र्याची बाग, बाप गेलेला, मुलगा अमेरिकन नागरिक, बहीण नागपुरात. तलाठ्याकडे वारस नोंद करायची आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. मुलगा मुखत्यारपत्र पाठवतो. ते तिथल्या भारतीय वकिलातीतून किंवा नोटरी करून, त्यावर तिथल्या सरकारचा अपोस्टिल शिक्का घेऊन यावं लागतं, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. ‘मी कुठला’ हा प्रश्न इथे तलाठी विचारतो, आणि उत्तर एका चौकटीत लिहायचं असतं.

सावधान: शहरातल्या घराला सातबारा लावू नका. तिथे आखीव पत्रिका (शहरी जागेचा उतारा) असते. नागपुरात तर अनेक घरं नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) किंवा नागपूर सुधार प्रन्यास या संस्थेच्या पट्ट्यावर आहेत. ‘आमची स्वतःची जागा’ म्हणणाऱ्या आजोबांकडे भाडेपट्टा निघणं ही लेखकाला फुकट मिळालेली वस्तू आहे.

## ४. माणसांशी बोलणं

परत आलेल्या, किंवा मुलं बाहेर असलेल्या पाच-सहा जणांशी बोला. एका बैठकीला पाऊण तास पुरे. ‘तिकडे कसं वाटायचं?’ हा प्रश्न विचारूच नका; उत्तर ठरलेलं येतं. विचारायचं ते असं: पेटीत काय नेलं? पहिला पगार कशावर गेला? घरी फोन कोणत्या वारी, आणि कुणाच्या घरी यायचा? काय परत आणलं जे आता माळ्यावर आहे?

बोलणं ध्वनिमुद्रित करायचं तर आधी विचारा, आणि टिपण त्याच रात्री उतरवा. कुणाचंही आख्खं आयुष्य उचलू नका. तिघांचे तपशील एका पात्रात मिसळा, गल्ली आणि व्यवसाय बदला.

## ५. बोली ठरवा

नागपूरचा मुलगा आणि पानावर सदाशिव पेठेची मराठी, ही विदर्भातल्या लेखकांचीच चूक आहे, पुण्याच्या नव्हे. छापायचं म्हटलं की हात आपोआप आखडतो.

तीन गोष्टी कागदावर लिहून भिंतीला लावा.

एक, निवेदनाची भाषा प्रमाण की बोली. दोन्ही चालतं, पण पन्नासाव्या पानावर बदलत नाही.

दोन, प्रत्येक पात्राची पाच-सहा रूपं. ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’ हे शहरात जवळपास सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘मले-तुले’, ‘काहून’ गावाकडून आलेल्याच्या तोंडी जास्त. ‘बे’ हा बरोबरीच्या मित्राला, आणि तोही बहुतेक पोरांत. बापाला ‘बे’ म्हणणारा मुलगा लिहिलात तर भांडणच लिहावं लागेल. वाक्याच्या शेवटचा ‘न’ (‘येशील न?’) बायकांच्या बोलण्यातही सहज येतो. ‘राहिला’ की ‘राह्यला’ हे एकदा ठरवा आणि तसंच ठेवा.

तीन, हिंदी कुठे येते. सीताबर्डीवर दोन मराठी माणसं एकमेकांशी हिंदीत सुरुवात करतात आणि चौथ्या वाक्याला मराठीवर येतात. हा बदल दाखवा, समजावून सांगू नका. मोमिनपुऱ्यातलं, जरीपटक्यातलं पात्र असेल तर त्याच्या हिंदीचा पोत वेगळा; त्या वस्तीतल्या कुणाकडून तरी पानं वाचून घ्या.

नागपूरकराला परकेपणाचा पहिला झटका बहुधा पुण्याच्या मेसमध्ये बसतो. ‘करून राहिलो’वर टेबल हसतं, आणि तो आठवड्याभरात ‘करतोय’ शिकतो. परदेशात इंग्रजी उच्चार बदलण्याआधी त्याची ही एक तालीम झालेली असते. ती कादंबरीत घातली तर पुढचं अर्धं काम हलकं होतं.

तपासा: संवादांवरची नावं झाका. कोण बोलतंय हे ओळखू येत नसेल तर त्या पात्राची यादी पुन्हा करा.

## ६. वस्तू, ऋतू, घड्याळ

इथे फार वेळ घालवू नका, पण चुकू नका. नागपूरच्या आईच्या हातून प्रत्येक भाजीत ओलं खोबरं पडत नाही. पोह्यांवर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, येते. मे महिन्यात कूलर आणि नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस), भाद्रपदाच्या तोंडावर पिवळी-काळी मारबत. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आसपास आणि पुढे तुटतो, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. जूनमध्ये झाडावर पिकलेली संत्री लटकवू नका.

न्यू जर्सी आणि नागपूर यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. इकडे संध्याकाळी सातला लक्ष्मीपूजन, तिकडे सकाळचे साडेनऊ किंवा साडेआठ. दिवाळी तिथल्या घड्याळबदलाच्या आगेमागेच येते, म्हणून त्या वर्षीची तारीख पाहिल्याशिवाय फोनचा प्रसंग लिहू नका.

हवाईपत्राची निळी घडी म्हणजे एकच कागद, आत काही घालायला मनाई. त्यात राखी घालून पाठवणारी बहीण बऱ्याच हस्तलिखितांत सापडते. तिला पाकीट द्या.

## ७. प्रसंगांची मांडणी

पोस्टकार्डाएवढे ६० ते ७० कागद कापा. एका कागदावर एक प्रसंग: कुठे, कधी, कुणाला काय हवं, कोणता कागद किंवा वस्तू हातात. ‘काय हवं’ रिकामं राहिलं तर तो प्रसंग नाही, आठवण आहे. आठवणींची वेगळी गड्डी करा. पूर्ण कादंबरीत त्यातल्या दहा-बारा पुरतात.

मग कागद जमिनीवर पसरा. सुरुवात जाण्यापासून करू नका. विमानतळाचा निरोप वाचकाने इतक्यांदा वाचला आहे की त्याला रडू येत नाही. काहीतरी सही करायची आहे, कुणाचं तरी नाव चुकलं आहे, एखादी मुदत संपत आली आहे, अशा दिवसापासून करा. नागपूर आणि परदेश यांची आलटून पालटून एकेक प्रकरणं लावण्याचा मोह होतो. ते झोक्यासारखं होतं आणि वाचक पुढचा झोका आधीच ओळखतो. सलग तीन नागपूरचे, एक तिकडचा, मग पाच तिकडचे, असं असमान ठेवा.

सावधान: बर्फ, एकटेपणा आणि भारतीय किराणा दुकान हे तिन्ही एकाच प्रकरणात आले असतील तर दोन काढा.

## ८. पहिला खर्डा

रोज ५०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस. ७० ते ८० हजार शब्दांची कादंबरी या वेगाने सात-आठ महिन्यांत होते. मागे वळून दुरुस्ती करू नका. शंका आली की चौकोनी कंसात ‘[दर पाहा]’ असं टाकून पुढे जा. आठवड्यातून एकदा ते कंस वहीवरून भरा.

या काळात कुणालाही वाचायला देऊ नका. घरच्यांना तर नाहीच. काकूला स्वतःचा कप दिसला की लिखाण तिथेच थांबतं.

## ९. दुसरा खर्डा

खर्डा महिनाभर कपाटात ठेवा. मग संगणकावर शोध लावून ‘ओळख’, ‘मुळं’, ‘माती’, ‘परकेपणा’, ‘दोन जगं’ हे शब्द कितीदा आले ते मोजा. प्रत्येक ठिकाणी तो शब्द असलेलं वाक्य काढून परिच्छेद पुन्हा वाचा. दहातल्या आठ वेळा काहीच कमी झालेलं नसतं. उरलेल्या दोन ठिकाणी वाक्य नाही, प्रसंगच कमी आहे. तिथे कागदांची फाइल उघडा.

मग दोन वाचक निवडा. एक नागपूर कधी न सोडलेला, एक वीस वर्षं बाहेर असलेला. दोघांना एकच काम द्या: जिथे खोटं वाटलं तिथे पेन्सिलने उभी रेघ, कारण लिहायचं नाही. दोघांची रेघ एकाच जागी असेल तर ते पान नव्याने लिहायचं. फक्त बाहेरच्याची असेल तर बहुधा तपशील चुकला आहे. फक्त नागपूरकराची असेल तर बोली.

शेवटी प्रकाशकाकडे फाइल देताना ती युनिकोडमध्येच द्या. जुन्या फाँटमधून रूपांतर केलेल्या मजकुरात ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, रफार आणि ‘श्र’ मोडतात, म्हणून ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘बऱ्हाणपूर’, ‘तर्री’, ‘श्रावण’ हे शब्द एकेक करून शोधून पाहा. बोलीतली रूपंही मुद्रितशोधक प्रमाण करून टाकतो. पाचव्या टप्प्यातली भिंतीवरची यादी टाइप करून हस्तलिखिताच्या वर जोडा, आणि पहिलं प्रूफ आलं की आधी ‘राह्यला’ शोधा.